खांदा खाली, पेंटर!

"तुमची पाटी वाकडी आहे."

नव्या पेशंटने आत आल्या आल्या हे बोलावं? मी फिजिओथेरपीच्या टेबलावरची चादर नीट करत होते. मान वर केली. रंगाचे डाग पडलेला शर्ट, ऐटदार मान... आणि नुकतंच प्लास्टर निघालेला, काटकोनात अडकलेला उजवा हात.

"आणि तुमचा हात?" मी विचारलं.

तो हसला. पाट्या रंगवणारा पेंटर होता. शिडीवरून पडला होता. "ताई म्हणते, ब्रश ठेव आता, छापील पाट्यांचं दुकान टाक. त्यापेक्षा उपाशी राहीन!"

माणूस मानी. मला आवडला – पण हे त्याला कळू देण्याइतकी मी भोळी नाही.

"हात तोंडाकडे न्या."

त्याने दातओठ खाल्ले. कोपर ढिम्म हललं नाही. खांदा मात्र कानाला भिडला.

"चोरी! कोपराचं काम खांद्याकडून करून घेताय."

"अहो, जोर लावतोय की!"

"तोच तर घोळ आहे." मी त्याचा दंड धरला. "स्नायूला ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं. पुढचा ओढतो तेव्हा मागच्याने सैल सोडायचं. हात सरळ करताना उलट. तुमचे दोघेही एकदम इरेला पेटलेत."

"मग माघार कोणी घ्यायची?"

"ज्याची पाळी असेल त्याने."

"तुमची कधी असते?"

"खांदा खाली, पेंटर!"

तो रोज यायचा, रोज हुज्जत घालायचा. कोपर मात्र गुमान वळायला शिकलं.

"तुमची पाटी मीच रंगवणार," एकदा म्हणाला. "फुकट नाही हं."

"काय घ्याल?"

"ते... शेवटचं अक्षर जमलं तर सांगेन."

पाटी रंगवायच्या दिवशी शिडी मी धरली. माझ्या नावाचं शेवटचं वळण त्याने एका दमात काढलं – हात न थरथरता. खाली उतरला, पाटीकडे पाहिलं, आणि राजासारखा माझ्याकडे वळला.

"तुमच्या गालावर रंग उडालाय..."

त्याचा हात वर आला. मी आधी खांदा पाहिला. तसूभरही हलला नव्हता! अभिमानाने मला उंच झाल्यासारखं वाटलं.

"काय बघतेस?" तो पहिल्यांदाच अहोजाहो विसरला.

"माझं काम."

"नुसतं काम?"

इतके दिवस ताठ धरलेली मान मी सैल सोडली, आणि गाल त्याच्या तळव्यावर टेकवला.

पाळी माझी होती.