थरथरणारी पट्टी

फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर एक काळी चौकट पसरली, ती जाईचना... दीक्षानं सगळी बटणं दाबून बघितली. चौकटीखाली कुणाच्यातरी लग्नाचं बॅनर अडकलेलं. मालक मल्लिनाथशेठ जेवून येतच असतील. शाळा तर तिनं सरांशी भांडून सोडलेली. आता हे कामही गेलं तर आई, मीनाबाई, उंबऱ्याच्या आत येऊ देणार नव्हती.

गिऱ्हाइकांचे रांगेतले नंबर पडद्यावर दिसावेत म्हणून तिनं नेटवरनं एक फुकटची लायब्ररी उतरवली होती. पडद्यावर पट्ट्या आणि तरंगत्या चौकटी बनवायचं, कुणीतरी लिहून ठेवलेलं तयार सामान ते. 'अजून कच्चं आहे, जपून वापरा,' असं तिथं लिहिलेलं, पण वाचायला दम कुणाला? मोबाइल काढून तिनं त्याच पानावर तक्रार ठोकली.

"तुझी चौकट चुलीत घाल. माझं काम हातचं चाललं."

लगेच उत्तर आलं. "कुटलं गाव?"

"सोलापूर. येतोस काय काढायला?"

आला की खरंच! ते सामान लिहिणारा संघपाल, होटगीचा, शहरात कॉलेजला. सायकलवरनं आलेला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्यानं दोन-तीन बटणं दाबली. चौकट गेली, बॅनर जसंच्या तसं.

"माझ्याशिवाय हे वापरणाऱ्या तुमी पहिल्याच," तो म्हणाला.

"आणि शेवटची."

तो खाली बघून गालात हसला... आणि तिथंच दीक्षाचा घोटाळा झाला.

मग रोज काहीतरी बिघडायला लागलं. पट्टीवरचं घड्याळ मागं पडतं, अक्षरं कापली जातात... हे खरं होतं. तो यायचा, नीट करायचा, जायचा. सगळं नीट झालं, तशी तिला धडकी भरली. आता हा कशाला येईल? तिनं लिहून टाकलं — पट्टी थरथरते.

तो आला. पट्टी गप.

"तू आलास की लाजती ती," दीक्षा म्हणाली.

"तुमच्यासारखी न्हाय मग."

त्यानंतर मात्र तो फिरकलाच नाही. आठवड्यानं आला तो डोळे लाल, गाल आत गेलेले.

"थरथर कुटं सापडंना," लॅपटॉप उघडत तो म्हणाला. "सगळं पुसतो, नव्यानं लिहितो. वर्षभराचं काम हाय... पण पायाच कच्चा असंल तर काय उपेग?"

दीक्षानं त्याच्या लॅपटॉपकडं बघितलं. खरं बोलावं तर हा जाणार, कायमचा. गप्प बसावं तर ह्याचं वर्ष जाणार.

"पुसू नको."

"का?"

"पट्टी थरथरलीच न्हाय कधी. थाप मारली मी."

त्यानं लॅपटॉपवरचे हात काढून घेतले.

"आठवडाभर झोपलो न्हाय मी," तो हळू म्हणाला.

"दिसतंय."

"कशापायी केलंस हे?"

"तू यावंस म्हणून! एवढं सगळं लिहितोस, तेवढं कळंना व्हय तुला?" रागानंच बोलली ती, पण आवाज फाटला.

त्यानं लॅपटॉप मिटला, पिशवी खांद्याला लावली आणि पायरी उतरला. सायकलचं कुलूप खट्कन उघडलं. दीक्षानं डोळे घट्ट मिटले.

"आता उद्या कुटली थाप?" बाहेरनं आवाज आला.

"थाप न्हाय," ती म्हणाली. "नुसतं ये म्हणीन. येशील?"

मग कुलूप परत खट्कन लागलं.

"उद्याचं ऱ्हाऊ दे की," संघपाल पायरीवर चढत म्हणाला. "आत्ता बसू का?"