आंबट सोडलेली अंजना

बोरांची पिशवी कलंडली आणि तांबूस बोरं गडगडत थेट अंजनाच्या पायाशी आली. मोमिनाबादेतल्या दातांच्या डॉक्टरची ओसरी ती. माघातलं कोवळं ऊन पायरीवर आलेलं. बोरांमागून एक तरणाबांड गडी आला. सुजलेल्या गालाखालून डोक्यापर्यंत उपरणं करकचून बांधलेलं… अंजनाला हसू फुटलं आणि तिनं चटकन तोंडावर पदर धरला.

"हसा, हसा," तो बोरं वेचत म्हणाला. "दाढ काढली की तुमचंबी असंच हुईल. घ्या… डॉक्टरसाबासाठी आणलीत, पर चार कमी झाली तर त्यांना कळायचं न्हाई."

"नको. म्या आंबट खात न्हाई."

"बोराला न्हाई म्हननारी बाई पयल्यांदाच बघतोय! आन् तोंडावर पदर कावून?"

"तुमच्या गालावर उपरणं कावून?"

"माझं दुखतंय म्हनून."

अंजनाचंही दुखतच होतं. भाकरीचा तुकडा चावला तरी हिरड्यांतून रक्त यायचं. ते दिसू नये म्हणून ती सदा पदर धरायची, आणि गावाला वाटायचं पोरगी लई लाजाळू. लाजाळू कसली! जीभ कात्रीसारखी चालायची तिची.

तेवढ्यात आतून हाक आली आणि अंगणात थांबलेले वडील, धोंडीराम, तिला घेऊन आत गेले. दार उघडंच राहिलं.

हैदराबादेहून आलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बेटी, लिंबू, चिंच, पालेभाजी… खातेस ना सगळं?"

अंजनानं मान हलवली. हो म्हणाली. साफ खोटं! पण खरं बोललं तर त्याचं कारणही सांगावं लागणार, आणि बाहेर तो उपरणंवाला कान टवकारून बसलेला.

"खाऊनही हे हाल, म्हणजे दुखणं खोलवर गेलंय," डॉक्टर म्हणाले. हिरड्या कापून साफ कराव्या लागतील, महिनोन्महिने इथंच येऊन राहावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून धोंडीराम लेकीला घेऊन उठले.

"तुझ्या आईची एकदाणी मोडू," बाहेर येत ते म्हणाले. "लेकीपरीस सोनं मोठं न्हाई. सराफाला भाव इचारून येतो."

ते गेले आणि अंजना पायरीवर टेकली. आई गेल्यावर तिच्या गळ्यातली तेवढी एकच वस्तू घरात उरली होती.

"खोटं कावून बोललात?" शेजारून आवाज आला. "आत्ता तर म्हनलात, आंबट खात न्हाई."

सांगू नये असं तिनं ठरवलं होतं. पण त्या डोळ्यांत थट्टा नव्हती, आणि मनातलं ऐकायला दुसरं होतं तरी कोण…

"सोयरीक झालती माझी. पोरगा पलेगात गेला. तवापासून लोक पांढऱ्या पायाची म्हनतात, कुनी इचारीना. मग केशरआत्यानं लिंबागणेशाच्या गणपतीला नवस बोलायला लावला. सोयरीक जमेस्तोवर आंबट बंद, हिरवं बंद. दोन वर्सं झाली. रांधते म्याच, म्हनून बापालाबी ठाव न्हाई."

"मंग डॉक्टरसाबाला सांगा की!"

"सांगितलं तर खा म्हनतील. मंग काय करू? देवाचा नवस मोडू, का आईची एकदाणी मोडू?"

त्यानं हातातलं बोर पिशवीत टाकलं.

"सोयरीक जमली, की नवस पुरा हुतो ना?"

"हं."

"मंग… म्या हाय की."

अंजनानं पदर आणखी घट्ट धरला. "नवसाची थट्टा करू नये."

"थट्टा करायला तोंड धड कुठंय माझं? केजच्या राधाकिशन पाटलाचा भारत म्या. आई पोरी दाखवून दमली. पर माझं हे ध्यान बघून खुदकन हसनारी… आन् वर तोंडावर उत्तर देनारी एकबी न्हाई भेटली."

"आन् माझा पांढरा पाय?"

त्यानं खाली वाकून तिच्या पायाकडे नीट पाहिलं. "निस्ता धुळीनं माखलाय."

धोंडीराम परतले. भारतनं उपरणं सोडलं आणि तशा सुजल्या गालानं, मान वर करून, बापाचं नाव सांगून सरळ मागणी घातली. धोंडीरामांनी त्याला खालवर न्याहाळलं.

"तुझ्या बापासंगं बैलांचा सौदा केलता म्या. मानूस सरळ हाय," ते हळू म्हणाले. "पर पोरीचं मन? अंजने, बोल."

अंजना उठली आणि तडक आत डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली. भारतचा चेहरा पार उतरला. दोघंही तिच्या मागोमाग दारापर्यंत आले.

"डॉक्टरसाब, म्या खोटं बोलले. दोन वर्सं आंबट न्हाई का हिरवं न्हाई… नवस होता."

"अरे! मग कापाकापीची घाई कशाला?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "महिनाभर रोज लिंबू, आवळा, पालेभाजी खा. रक्त थांबलं तर खर्च वाचला, नाहीतर मग बघू. पण बेटी, नवस असताना तू खाणार कशी?"

अंजनानं पदर खाली घेतला. परक्यांपुढं आपणहून, पहिल्यांदाच.

"गणपती पावला, साहेब."

"कधी?"

"आत्ताच… तुमच्या ओसरीवर."