पंधरा मिनिटं आधी

चष्म्याच्या दुकानातलं काम आटोपून घरी जाताना ‘मोफत व्याख्यान, सर्वांना प्रवेश’ ही पाटी वाचून ती सहज सभागृहात शिरली आणि खुर्ची न बघताच बसली. खुर्चीवर वक्त्याची वेळ संपली की दाबून वाजवायची घंटी होती. टिंग... इतिहासाचे प्राध्यापक चौथ्याच मिनिटाला ‘आभारी आहे’ म्हणून खाली बसले.

“जरा उठता का?” शेजारून दबका आवाज आला. “तुम्ही बसलात, पण सरांचा राजा अजून गादीवर बसायचाय.”

हा शेजारचा माणूस दिवसा नळ दुरुस्त करायचा आणि दर गुरुवारी संध्याकाळी ही घंटी सांभाळायचा. वक्ता कितीही मोठा असो, सव्वासाताला हा वाजवणारच. तेव्हापासून तीही दर गुरुवारी येऊ लागली. कधी इतिहास, कधी तत्त्वज्ञान, जागा मात्र त्याच्या शेजारची. “बसा. घंटी उचललीय,” तो म्हणायचा. पाच महिने तो सगळं बोलला, बोलायचं तेवढं सोडून.

मागच्या गुरुवारी तिने सांगितलं, परगावच्या शाखेत बदली झालीय, पुढच्या गुरुवारी साडेसातची बस. तो “बरं” म्हणाला. त्या एका ‘बरं’ने आठवडाभर तिचा जीव खाल्ला.

आज बाहेर पायरीवर तिचा दादा बॅग घेऊन बसला होता. आत एक बाई माणसाच्या स्वातंत्र्यावर बोलत होत्या, पण तिचं लक्ष कुठलं असायला. आपण होऊन विचारायचं नाही, हे तिने पक्कं केलं होतं. हा गप्प राहिला तर बसमध्ये चढायचं आणि विषय संपवायचा. तो नुसता घड्याळाकडे बघत होता.

सात वाजले. टिंग.

बाई थांबल्या. “अजून पंधरा मिनिटं आहेत ना?”

तो उभा राहिला. कान लाल झाले होते. “आहेत, बाई. पण ती मला हवी आहेत.”

बाईंनी आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. “घ्या,” म्हणाल्या आणि पाण्याचा पेला उचलला.

दोघं व्हरांड्यात आले तेव्हा घंटी अजून त्याच्या हातातच होती.

“बोला,” ती म्हणाली.

“आठवडाभर जुळवतोय... तुम्ही गेलात तर ती खुर्ची—”

“खुर्चीचं राहू द्या.”

“मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून.”

तिचे डोळे भरून आले, आणि रागही आला. “हे मागच्या गुरुवारी सांगायला काय झालं होतं?”

“वाटलं, अजून एक गुरुवार आहे.”

“निघायचं ना?” पायरीवरून दादाने हाक मारली.

तिने त्याच्या हातातली घंटी घेतली आणि पर्समध्ये टाकली.

“अहो, ती संस्थेची आहे.”

“मग तिकडे येऊन घेऊन जा. रविवारी माझं दुकान बंद असतं.”

“येतो,” तो म्हणाला. या वेळी लगेच.

आत बाईंनी उरलेलं बोलायला पुन्हा सुरुवात केली होती. ती पायऱ्या उतरताना पर्समधली घंटी वाजली, आणि बाई परत थांबल्या.