गॅरडांची गाठ

लाकूड सुकं आहे की ओलं, हे ऑड्री गॅरडला नुसतं वाजवून कळायचं. दोन काटक्या एकमेकींवर आपटल्या की सुक्यांचा आवाज टणक येतो, ओल्यांचा बसका. तरीही ओल मोजायचं यंत्र तिच्या कोटाच्या खिशात कायम असे. हयातभर तिने शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि कानांपेक्षा आकड्यांवर तिचा भरवसा जास्त होता. यंत्राच्या दोन सुया लाकडात खुपसायच्या, आकडा वाचायचा. वीसच्या खाली म्हणजे सुकं. पुढे वादाला जागाच नाही.

फेब्रुवारीतली ती दुपार होती. ऑल्डरफील्डच्या कुरणातल्या दगडापाशी गावातल्या घरोघरच्या मोळ्या येऊन पडल्या होत्या. एडमंड लसक नावाच्या विणकराला १५५५ साली इथेच जिवंत जाळलं. बायबल आपल्या भाषेत वाचून दाखवतो, आणि चूक झाली म्हण म्हटलं तर म्हणत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. इंग्लंडच्या कॅथलिक राणीच्या माणसांनी हुकूम काढला की प्रत्येक घराने एक मोळी आणावी. गावाने आणली, पण ओली. ती धड पेटेना, धड विझेना, आणि लसक दुपार होईपर्यंत त्या धुरात उभा होता. त्या लाजेपोटी गाव आजतागायत दर वर्षी त्याच्यासाठी सुकं लाकूड आणून पेटवतं.

मोळीवर नाव लिहीत नाहीत. प्रत्येक घराची सुतळीची गाठ ठरलेली आहे, आणि इथली पोरं बुटाची नाडी बांधायच्या आधी ती गाठ शिकतात. त्यामुळे सगळे गाठ बघतात. लाकडाकडे ऑड्रीखेरीज कुणीही ढुंकून बघत नाही.

गॅरडांची गाठ सगळ्यांत मानाची. त्या दिवशी फक्त त्यांच्या पूर्वजाने सुकी मोळी आणली होती, असं सांगतात. लसकने ती पाहिली आणि म्हणाला, "गॅरड, तुझी पाळी येईल तेव्हा मी सुकं आणीन." हे शब्द गॅरडांच्या घरात चुलाणावरच्या तुळईत कोरलेले आहेत. म्हणून मशाल लावायचा मान त्यांचा. थर्लोंच्या पूर्वजाने सगळ्यांत हिरवी मोळी आणली, म्हणून थर्लो आजही दगडाभोवती बांधलेल्या दोरीच्या मागे उभे राहतात.

यंदा ऑड्रीचे वडील विल्फ्रेड अंथरुणाला खिळले होते. छाती अशी भरली होती की रात्र रात्र खोकल्यात जाई. कुरण दिसावं म्हणून त्यांनी पलंग खिडकीशी ओढवून घेतला होता. "तुझ्या हातात मशाल बघितली की माझं झालं," असं ते सकाळीच म्हणाले होते.

ती एकेका मोळीत सुया खुपसत पुढे सरकली. बारा. चौदा. अकरा. गाव शहाणं झालं होतं. शेवटी तिने सगळ्यांवर ठेवलेल्या आपल्या मोळीला सुया लावल्या; दर वर्षी ती वडील बांधत आणि कुणाला हात लावू देत नसत.

सेहेचाळीस.

तिला हसूच आलं. दोन हिवाळे पडवीत सुकवलेलं हेझलचं लाकूड होतं ते. तिने चाकूने साल खरवडली. आत हिरवंगार, आणि अंगठ्याला चिकट रस लागला.

"कुणीतरी चहाटळपणा केलाय," ती म्हणाली.

दोरी बांधत असलेल्या बेसिल थर्लोने मान वर केली. बीट वाहणाऱ्या ट्रकवर जन्म घालवलेला, सत्तरीचा, सावकाश बोलणारा माणूस. "माझ्याकडे बघू नकोस बाई. मी दोरी ओलांडली तर तुमची कमिटी मला आगीनंतरच्या जेवणातलं हॅम देणार नाही."

"तुझं नाव घेतलं का मी?"

"अजून नाही घेतलंस."

ऑड्री तरातरा घरी गेली. पडवीत काटक्या निवडल्या, ओल मोजली, बारा भरली, तिथेच गाठ मारली. कुरण ओलांडताना मोळी काखेत जड होत गेली. दगडापाशी पोचली तेव्हा कोटाची बाही भिजली होती. अठ्ठेचाळीस.

तिसऱ्यांदा तिने काटक्या सुट्या आणल्या. शहाण्या माणसाने एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे तिने पोरांना घसा फोडून सांगितलं होतं. दगडावर ठेवून मोजलं. बारा. सुतळी गुंडाळली. पुन्हा बारा. मग गॅरडांची गाठ मारली, आणि सालीवर घाम फुटावा तसे थेंब उभे राहिले.

तिने यंत्र न लावताच हात मागे घेतला.

"बेसिल, इकडे ये."

"दोरी..."

"मसणात गेली दोरी. या उरलेल्या काटक्यांना तुझी गाठ मार."

बेसिल वाकून दोरीखालून आला. जाडजूड बोटांनी त्याने थर्लोंची गाठ मारली. दोघं वाट बघत राहिले. बारा.

"आता तू घरून आणलेल्या मोळीवर मी माझी मारते."

"नको गं," बेसिल हळूच म्हणाला. "माझी एकच आहे. नासवू नकोस."

हा मस्करी करत नाही, हे तिला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं.

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? माझी आत्या एवढंच म्हणायची, की आपण दोरीमागे आहोत खरे, पण दोरी पहिल्यांदा कोणी बांधली ते विचार."

दोरी गॅरडांनी बांधली होती. ते गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि अभिमानाने सांगितलं जायचं. म्हणजे हिरवी मोळी कोणाची होती, हेही गॅरडांनीच सांगितलं होतं.

अंधारून येऊ लागलं तशी माणसं जमली. ओली मोळी तशीच वर ठेवली असती तरी कुणाला कळलं नसतं. गाठ बरोबर होती. वर खिडकीत वडिलांचं पांढरं डोकं दिसत होतं. म्हाताऱ्याचा शेवटचा आनंद आपण हिरावून घेतोय, हे तिला कळत होतं. पण एका माणसाला पुन्हा ओल्या लाकडात उभं करायचं, हे काही तिच्याने होईना.

तिने आपली मोळी उचलून गवतात ठेवली. मशाल पेटवली, दोरीपाशी गेली, आणि ती बेसिलच्या हातात दिली.

गर्दीत एक बाई खोकली.

बेसिलने मशाल टेकवली. आग एका दमात वर गेली. धूर नव्हताच. इतकी स्वच्छ आग गावात कुणी पाहिली नव्हती, असं नंतर जेवताना सगळे म्हणाले, पण जरा खालच्या आवाजात.

ऑड्री न जेवताच घरी आली. वडील उशीला टेकून बसले होते.

"मशाल थर्लोच्या हातात होती."

"हो, बाबा."

तिने खुर्ची ओढली. कुठून सुरुवात करावी ते जुळवू लागली.

"किती होती ओल?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

"पेटवायच्या आधी मी आपल्या मोळीवर गुपचूप पेट्रोल ओतायचो," विल्फ्रेड म्हणाले. "माझे वडील रॉकेल. त्यांच्या आधीचे काय करायचे, देव जाणे."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू मोजशील हे ठाऊक होतं मला. म्हटलं, मला जमलं नाही ते हिला जमतंय का बघू." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "बरं केलंस, पोरी."

मग त्यांनी सूप मागून घेतलं आणि सगळं संपवलं. त्या रात्री ते एकदाही खोकले नाहीत. ऑड्रीला कित्येक आठवड्यांनी सलग झोप लागली.

सकाळी ती दूध घ्यायला दार उघडून उभी राहिली. पायरीवर एक मोळी होती.

गावातली प्रत्येक गाठ तिला डोळे मिटून ओळखता यायची. ही त्यांतली नव्हती. ती वाकली. बारीक, सपाट, तुटलेला धागा धाग्याला जोडताना मारतात तशी गाठ होती. मागावर बसणारा विणकर मारतो ती.

तिने सवयीने खिशातून यंत्र काढलं आणि सुया खुपसल्या. शून्य. काढून पुन्हा खुपसल्या. शून्यच. भट्टीत भाजलेल्या लाकडाचाही एवढा कमी आकडा येत नाही.

"ऑड्री," वरून वडिलांची हाक आली. आवाज खणखणीत होता, तिच्या लहानपणी असायचा तसा. "आली का गं? तुळईवर लिहिलंय तशी सुकी आहे ना, बघ."

अंगणभर पांढरं दहिवर पडलेलं होतं. मोळीखालची फरशी तेवढी कोरडी होती, आणि लाकूड हाताला कोमट लागत होतं.