ऐकणाऱ्यांचा आकडा

"अगं वेन्ला, आकडा शून्यावर येत नाही म्हणजे कुणीतरी धरून ठेवलंय. आधी कोण ते बघ, मग झोपव," इल्पो म्हणाला होता.

मी हसले. "धरतंय कोण? तुझाच कोड सोडायला विसरला असेल!"

फिनलंडमधल्या ओउलूत आम्ही दोघं बेबी मॉनिटरचं कर्नल, म्हणजे त्याच्या गाभ्यातला प्रोग्रॅम, लिहितो. नियम साधा. कुणी ऐकू लागलं की माइकचा आकडा एकने चढतो, थांबलं की उतरतो. शून्य झाला की कर्नल माइकला झोपवतं, बॅटरी वाचते. असा एक मॉनिटर मी ताइमीच्या बाबागाडीत लावला होता. आठ महिन्यांची माझी लेक दुपारी अंगणात, बर्फातच झोपते. इथली सगळीच बाळं झोपतात. तळमजल्यावरच्या लेम्पी आजी खिडकीतून नजर ठेवायच्या. "तू जा गं, कॉफी पी. मी आहे ना." तरी मी सारखी डोकावायचेच.

त्या मंगळवारी ताइमी माझ्या मांडीवर, मॉनिटर ऐकायचा फोन बंद, गाडी अंगणात रिकामी. लॅपटॉपवर आकडा मात्र एक. कोड पुन्हा चाळला, चूक सापडेना. वैतागून मी आकडा हातानेच शून्य केला. माइक झोपला.

लगेच जागा झाला.

पुन्हा झोपवला. पुन्हा जागा.

शेवटी हेडफोन लावला. आकडा दोन झाला. एक मी.

रिकाम्या गाडीतून श्वास ऐकू येत होता. जड, अडखळणारा. बाळाचा नव्हे. मग अगदी पुसट, "मी आहे ना."

मी खिडकीकडे पाहिलं. आजींची खुर्ची रिकामी होती.

इमारतीच्या रखवालदाराने किल्लीने आजींचं दार उघडलं. आजी न्हाणीघरात पडलेल्या, कालपासून. खुबा मोडलेला, पण शुद्धीत होत्या.

"बाळ बरं आहे ना गं? तिचा श्वास ऐकत पडले होते. मध्ये दोनदा बंद झाला, जीवच घाबरला."

त्या न्हाणीघराला खिडकी नाही. मॉनिटर ऐकायला आजींकडे काहीच नव्हतं.

घरी परतले तेव्हा आकडा शून्य होता. इल्पोला सांगितलं. एरवी थट्टा सोडत नाही, त्याने आधी आजींची चौकशी केली.

आज, दोन महिन्यांनी, सकाळी पुन्हा एक.

आजी माझ्यासमोर बसून वेलचीचा पाव खातायत. इमारतीतली सगळी दारं वाजवून आले. सगळे धडधाकट, एकजण तर खेकसलाच. हेडफोन लावला. श्वास आहे. ओळखीचा नाही.

मी माइक झोपवलेला नाही. तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर जरा दार वाजवून या. आत्ताच.