एक्केचाळिसावी

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी विजया मॅडमनी मला मधल्या सुट्टीत जानेवारीच्या हजेरीत नावं उतरवायला सांगितली. दर महिन्याला हे काम माझ्याकडेच असायचं, कारण आमच्या दहावीच्या तुकडीत माझं अक्षर सगळ्यात चांगलं होतं. बाकी माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. मी 'हजर' म्हणायचे ते मॅडमना ऐकूच जायचं नाही. मग शेजारून अनुश्री सांगायची, "सरिता आहे मॅडम. श्वास घेऊन राहिली." सगळ्या मुली हसायच्या, मीही हसायचे. अनुश्री पाचवीपासून माझ्या बाकावर बसायची. तिला पुष्कळ मैत्रिणी होत्या. मला ती एकटीच होती.

त्या दिवशी ती माझ्या खांद्यावरून हजेरीत बघत होती. चाळिसावं, शेवटचं नाव माझं: सरिता सोनाजी हनवते.

"अजून एक लिही," ती म्हणाली. "जाई."

"कोण जाई?"

"कुणीच न्हाई. म्हणून तर लिही."

मी खाली लिहिलं: जाई मार्तंड पुसेगावकर. तिला हसवता येईल, एवढाच माझा विचार होता.

महिन्याच्या पहिल्या दिवशी मॅडम पूर्ण नावं वाचायच्या, नंतर नुसते नंबर. त्यांच्या मोबाईलवर कसली ना कसली माहिती भरायची असायची, त्यामुळे मान वर होत नसे. एक्केचाळिसावं नाव आलं आणि अनुश्री बाकाखाली वाकून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हजर मॅडम." मॅडमनी टिंब देऊन हजेरी मिटली. मुली ओढणी तोंडात कोंबून हसत होत्या.

मग जाई वाढत गेली. मधल्या सुट्टीत जी ती तिच्यात भर घालायची. ती पुसेगावहून वसमतला आलीय. ती खो-खोत कुणाला सापडत नाही. एकदा मी हळूच म्हणाले, "तिच्या घरी हळद शिजवतात. म्हणून तिचे तळवे पिवळे असतात." सगळ्या माझ्याकडे वळल्या. अनुश्री म्हणाली, "वा. एकदम बराबर." पण दुसऱ्या दिवसापासून ते पिवळे तळवे जाईचे झाले. मी ते सांगितलं होतं, हे कुणालाच आठवत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात अनुश्री मामेबहिणीच्या लग्नाला गेली. आज एक्केचाळीस नंबर चुकणार, मला थोडं बरंच वाटलं. मॅडम म्हणाल्या, "एक्केचाळीस."

"हजर मॅडम."

स्वच्छ, मोठा आवाज. शेवटच्या बाकाकडून आला होता.

सुट्टीत मी मागे बसणाऱ्या पेमाला विचारलं, "तू म्हणालीस?"

"मी काहून म्हणू? मला वाटलं तूच." मग स्वतःच हसली. "जाऊ दे. तुझा आवाज इथवर कुठं पोचतो?"

अनुश्री परत आली ती जाईचंच विचारत. आता ती बाकावर तिच्यासाठी जागाही ठेवायला लागली, आमच्या दोघींच्या मधोमध. "सरक गं जरा, जाई बसून राहिली." मी सरकले. रोज थोडी थोडी सरकत बाकाच्या टोकाशी आले. डबा उघडला की ती पहिला घास त्या रिकाम्या जागेकडे धरायची आणि मुली खिदळायच्या. जी नाहीच, तिचा राग येतोय हे कुणाला सांगणार? रात्री अंथरुणात मी जाईला नावं ठेवायचे.

जानेवारीच्या शेवटी स्नेहसंमेलन झालं. आमच्याकडे त्यात फिशपॉन्ड असतात. कुणावरही टोमणा लिहायचा, खाली स्वतःचं नाव न घालता चिठ्ठी डब्यात टाकायची, आणि मग स्टेजवर सगळ्यांसमोर ती वाचतात. अनुश्रीला नऊ आले. "रेडिओला बटण असतं, अनुश्रीला नसतं." मला दरवर्षी एकही येत नसे. म्हणून यंदा मीच माझ्यावर एक लिहिला होता. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हातानं: "सरिता वर्गात आहे हे फक्त हजेरीला माहीत आहे."

मी वाट बघत बसले. शेवटची चिठ्ठी निघाली. अनुश्रीनं माईकवर वाचलं, "जाई वर्गात आहे हे फक्त हजेरीला माहीत आहे."

एवढ्या टाळ्या कुणालाच पडल्या नव्हत्या.

कार्यक्रम संपल्यावर मी डबा उलटा केला. चिठ्ठी सापडली. माझंच डाव्या हाताचं वाकडं अक्षर होतं. फक्त नाव वेगळं होतं, आणि कडेला अंगठ्याचा पिवळा ठसा होता.

जानेवारीच्या शेवटच्या दुपारी मी फेब्रुवारीची हजेरी लिहायला बसले. वर्गात कुणी नव्हतं. बाहेर मैदानावर खो-खो चालू होता, शिट्टी ऐकू येत होती. आज तिला लिहायचंच नाही, हे मी ठरवून आले होते. दहा नावं झाली, वीस झाली. कुठूनतरी शिजलेल्या हळदीचा उग्र, ओला वास यायला लागला. आधी खिडकीतून येतोय असं वाटलं. मग तो मागून यायला लागला... अगदी जवळून.

"माझं पण लिही ना."

आवाज मोठा नव्हता. विनवणीचा होता. मी वळले नाही. तशीच लिहीत राहिले. शेवटी आकडा पाहिला. चाळीस. एक कमी. मी हजेरी मिटली आणि मैदानापर्यंत पळत गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडम पूर्ण नावं वाचत होत्या. एकोणचाळीस झाले. मी ओठ ओले केले. आज मोठ्यानं म्हणायचं होतं.

"चाळीस. जाई मार्तंड पुसेगावकर."

"हजर मॅडम," माझ्या शेजारून कुणीतरी म्हणालं.

मॅडमनी मान वर केली. महिनाभरात पहिल्यांदा. "कुणाचं नाव राहिलं का गं?"

मी उभी राहिले. 'माझं' म्हणायला तोंड उघडलं. माझा हलका, कुणाला न पोचणारा आवाज मला ऐकू आला, पण तो माझ्या तोंडून आला नव्हता. आमच्या दोघींच्या मधल्या जागेतून तो म्हणाला, "न्हाई मॅडम."

यावेळी तो मॅडमपर्यंत पोचला. त्यांनी हजेरी मिटली. अनुश्री शेजारी बघून हसली, माझ्याकडे नाही.

मी रोज शाळेत जाते. शेवटच्या बाकावर जागा असते. नंबर सुरू झाले की मीही हजर म्हणते. पेमा एकदा थबकली, तिनं मागे वळून बघितलं, आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

आज फेब्रुवारीचा शेवटचा दिवस. मॅडमनी मार्चची नावं लिहायला जाईला थांबवलंय. तिचं अक्षर सगळ्यात चांगलं आहे म्हणतात. बाकीच्या मैदानावर गेल्या आहेत. ती लिहितेय, मी मागे बसलेय. पस्तीस नावं झाली असतील. आता छत्तिसावं.

"माझं पण लिही ना," मी म्हणाले.

तिचा हात क्षणभर थांबला. ती वळली नाही.

आमच्या घरी हळद नसते, कधीच नव्हती. तरी माझे तळवे बघा... तीन वेळा साबणानं धुतले.