बाहेरची मदत

माझा भाऊ डेसमंड याने केल्सबरोचा स्पीडवे क्लब विकत घेतला, त्या दिवशी विकणाऱ्याने त्याला स्वतःच्या पैशाने जेवू घातलं. धंद्यात असं कुणी करत नाही. मी तेव्हाच म्हणाले, "डेस, हा माणूस ओझं उतरवून चाललाय." डेस म्हणाला, "ग्वेंडा, तुला मोटरसायकलींमधलं काय कळतं?" मोटरसायकलींमधलं मला काही कळत नाही, हे खरं. पण चेकबुक माझ्याकडे होतं.

मैदान बीटच्या साखर कारखान्यामागे. कारखाना उन्हाळ्यात बंद असला तरी त्याचा शिळा गोडसर वास कपड्यांतून जात नाही. लाल मुरुमाचा लंबगोल, दोन आमचे आणि दोन पाहुण्यांचे असे चार स्वार, चार फेऱ्या. गाडीला ब्रेक नसतो. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डाव्या पायाचा पोलादी बूट जमिनीला घासत न्यायचा. मिनिटभरात शर्यत आटोपते, ट्रॅक्टर मुरूम सारखा करतो, लोक चिप्स खातात, की पुन्हा चार जण. माझ्या लहानपणी याला आठ हजार माणूस यायचं. आता सहाशे. त्यातले निम्मे दुसऱ्या वळणाच्या कठड्याला चिकटून उभे राहतात, का, तर तोंडावर मुरूम उडावा म्हणून. त्यांची वयं पाहता आमची खरी स्पर्धा शेजारच्या वेनफोर्डशी नव्हती, अंत्यविधीवाल्याशी होती.

ते डेसच्याही ध्यानात आलं, आणि त्याने त्यातून पैसे काढले. आमच्यात जुनी रीत आहे: जन्मभराचा प्रेक्षक गेला की त्याची राख मैदानाच्या मधल्या हिरवळीवर टाकायची. फुकट. डेसने दीडशे पौंडांचा दर लावला आणि राख हिरवळीवरून उचलून थेट दुसऱ्या वळणावर आणली. निवेदक नाव वाचायचा, इंजिनं मिनिटभर बंद व्हायची, विधवा बरणी रिकामी करायची, वरून ट्रॅक्टर एकदा फिरायचा, पाणी मारलं जायचं, आणि पहिली शर्यत त्याच्यावरूनच.

"आयुष्यभर तोंडावर घेतला मुरूम," डेस त्या बायकांना सांगायचा, "आता त्यातच राहू दे त्याला."

बायका रडायच्या आणि चेक फाडायच्या. त्या वसंतात मेलेल्यांनी आम्हाला जितकं मिळवून दिलं तितकं जिवंतांनी चहा-बर्गर धरूनही दिलं नाही.

पहिल्यांदा बोलला तो येप्पे. हा डेन्मार्कचा पोरगा, आमच्या संघातला त्यातल्या त्यात बरा स्वार. शर्यती संपल्यावर मी पैसे वाटते त्या खिडकीशी आला. चेहरा लाल, फक्त चष्म्याच्या जागी पांढरा.

"मिसेस ट्रॉट, दुसऱ्या वळणावर काय घातलंय तुम्ही?"

"पाणी. का?"

"बाहेरच्या कडेला पकड कधीच नसते. सगळा सुटा मुरूम. आज मी तिकडे फेकला गेलो. पडणारच होतो. आणि..." त्याने हात मागे नेऊन स्वतःच्या कमरेला लावला. "लहानपणी सायकल शिकवताना बाबा सीटला धरायचे ना, तसं."

"मग?"

"मग ढकललं."

"पहिला आलास ना? मग तक्रार कसली करतोस?" मी म्हटलं आणि त्याचा चेक सरकवला.

मे संपेपर्यंत आमचे सगळेच स्वार त्या वळणावर पुढे निघू लागले. ज्यांना गेल्या वर्षी मी मनातल्या मनात पेन्शनीत काढलं होतं, तेही. पाहुण्या संघाची चाकं मात्र तिथेच रुतायची. एक वेनफोर्डकर शिव्या देत सांगत होता, की कुणीतरी त्याच्या पायाला धरलं. लोकांनी ते हसण्यावारी नेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी बाहेरच्याला कळत नाही. आमच्या धंद्यात स्वाराला पगार नसतो, गुणामागे पैसे असतात. पहिला आला तीन गुण, दुसरा दोन, तिसरा एक. संघ काठावर जिंकला की मालक सुखी: लोक खूश, खर्च बेताचा. पण दर शर्यतीत आमचेच दोघे पुढे, पाच-एक, पाच-एक, पाच-एक, म्हणजे मला चेकवर चेक लिहायचे. आणि वर प्रेक्षक कंटाळलेले. जिंकणं आम्हाला परवडत नव्हतं. 

"काय गं ग्वेंडा, तिकीट कशाला काढू?" चिप्सच्या रांगेतला एक म्हातारा मला म्हणाला. "निकाल घरूनच सांगतो. पाच-एक."

"मग घरीच चिप्स तळ," मी म्हटलं. पुढच्या शनिवारी तो खरंच आला नाही. त्याच्यासारखे बरेच आले नाहीत.

जून महिन्यात ओरडणं ऐकू यायला लागलं. दुसऱ्या वळणाच्या पुढे मागची गॅलरी आहे. पायऱ्यांचं काँक्रीट फुटलं म्हणून नगरपालिकेने ती पाच वर्षांपूर्वी बंद केली, जाळी ठोकली, पाटी लावली. आमचा स्वार पुढे गेला की तिथून आवाज उठायचा. आधी वाटलं, समोरच्या छपराचा घुमारा. पण घुमारा नंतर येतो. हा आधी यायचा. त्यात जुने प्रेक्षक गरागरा फिरवायचे त्या लाकडी खुळखुळ्यांची कटकट होती. तसले खुळखुळे मी शाळेत असल्यापासून कुणाच्या हातात पाहिलेले नाहीत.

एका सोमवारी सकाळी मी जाळीचं कुलूप काढून आत गेले. पायऱ्यांवर शनिवारी उडालेल्या मुरुमाचा लाल थर होता. त्या थरात जागोजाग स्वच्छ काँक्रीट दिसत होतं: दोन लांबट ठिपके शेजारी शेजारी, मग हातभर जागा सोडून पुन्हा दोन. कठड्याजवळ ते अगदी दाटीने होते. वरच्या पायऱ्यांवर विरळ. माणसं उभी राहतात तसेच. पाइपच्या तंबाखूचा आणि ओल्या लोकरी कोटाचा वास येत होता.

मी झाडू मागवला आणि झाडून घेतलं. दुसरं काय करणार?

जुलैत डेसने घरावर दुसरं कर्ज काढलं. ऑगस्टमध्ये जागेच्या मालकांचा माणूस आला. मिस्टर सग्डन, करडा सूट, बोलायला नम्र. गोदामवाल्यांनी जागेला चांगला भाव देऊ केला होता. पण सग्डनचा बाप कधीकाळी इथे यायचा, म्हणून त्याने एक संधी दिली. महिन्यातली शेवटची लढत, बँक हॉलिडेच्या सुट्टीला, सोमवारी दुपारी, वेनफोर्डशी. "मैदान भरवून दाखवा, मिस्टर थर्कल," तो डेसला म्हणाला. "लोकांना परत यावंसं वाटतंय एवढं मला दिसू द्या. दोन वर्षांचा करार मी देतो." नाहीतर मैदान जाणार आणि त्यापाठोपाठ डेसचं घर.

आम्ही तिकीट निम्म्यावर आणलं. शाळांतून पत्रकं वाटली. माणूस येणार हे दिसत होतं. पण पाच-एकचा तमाशा बघून ते परत कशाला येतील?

लढतीच्या दिवशी सकाळी डेस दिसेना. मी शोधत गेले तर तो बंद गॅलरीत, टोपी हातात घेऊन, रिकाम्या पायऱ्यांकडे तोंड करून उभा.

"मंडळी," तो म्हणत होता, "तुमचं प्रेम मला कळतं. पण तुम्ही मला बुडवताय. वेनफोर्डच्या पोरांना आज सोडा. चुरस होऊ द्या. मी घर गहाण टाकलंय हो, आणखी काय टाकू?"

एका कोपऱ्यातून काडी ओढल्यासारखा बारीक आवाज आला, आणि तंबाखूचा वास.

डेस माझ्याकडे वळला. "ऐकलं त्यांनी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला त्याला चापट मारावीशी वाटली.

पण खरंच ऐकलं. दुपारी दोन हजारांवर माणूस होतं, आणि गेल्या वीस वर्षांत पाहिली नाही अशी लढत झाली. आमचा एक पुढे, त्यांचा एक पुढे. चाकाला चाक. बायका खुर्च्यांवर उभ्या. नवी पोरं कठड्यापाशी मुरूम खाऊन खिदळत होती. मागची गॅलरी गप्प. चौदा शर्यती झाल्या आणि धावफलक बेचाळीस-बेचाळीस. सग्डनने कोट काढून मांडीवर ठेवला होता. "माझा बाप म्हणायचा ते हेच," तो मला म्हणाला.

शेवटची शर्यत. येप्पे लाल हेल्मेटमध्ये, सगळ्यात आतल्या जागेवर. चौघांची इंजिनं किंचाळत होती. सुरुवातीच्या रेषेवरच्या आडव्या फिती उडाल्या.

तिघे सुटले. येप्पेचं इंजिन बंद पडलं.

असं होतं. क्लच जरा चुकला की होतं. स्वार उतरतो, हेल्मेट आपटतो, गाडी ढकलत हिरवळीवर नेतो. लोकांनी "अरेरे" केलं. वाईट नव्हतं. अजून तीन जण धावत होतेच. हरलो असतो तरी चाललं असतं. दोन हजार माणसं हळहळत घरी गेली असती आणि शनिवारी परत आली असती.

येप्पेने एक पाय खाली टेकला.

गाडी हलली.

तिचा आवाज नव्हता. फक्त मुरुमावर टायर चालल्याचा, गोणीतून साखर ओतल्यासारखा. येप्पेने दोन्ही पाय खाली घासले. गाडी थांबली नाही. पहिल्या वळणावर त्याने दोन्ही हात सोडून दिले होते. गाडी वळली.

मागच्या गॅलरीतून श्वास सोडल्यासारखा आवाज आला. मग ओरडा.

दुसऱ्या फेरीत त्याने तिसऱ्याला गाठलं. तिसऱ्या फेरीत दुसऱ्याला. येप्पे काहीतरी म्हणत होता, त्याच्या भाषेत, तेच तेच. आता तो सगळ्यांना ऐकू जात होता. कारण समोरची दोन हजार माणसं एक शब्द बोलत नव्हती.

तो पहिला आला.

पंचांच्या काचेच्या खोलीत बराच वेळ काही हललं नाही. मग लाल दिवा लागला. निवेदकाने कागदावरून वाचलं: "लाल हेल्मेट बाद. कारण, बाहेरची मदत."

नियम जुनाच आहे. स्वाराला किंवा गाडीला बाहेरच्या कुणी हात लावला, तर बाद. आम्ही सत्तेचाळीस-त्रेचाळीस हरलो. मागच्या गॅलरीने पंचाला शिट्ट्या घातल्या, पाय आपटले, जाळी हादरवली. जाळी हादरताना सगळ्यांना दिसली.

लोक उठले. कुणी पळालं नाही. आम्ही इंग्रज माणसं, रांगेने गेलो. बापांनी पोरांची तोंडं छातीशी दाबून धरली होती. चिप्सवाल्याकडे कुणी थांबलं नाही.

सग्डनने कोट घातला. "गर्दी होती, मिसेस ट्रॉट," तो म्हणाला. "पण तुम्ही चेहरे पाहिलेत." मी पाहिले होते. कराराचे कागद त्याने पुन्हा ब्रीफकेसमध्ये ठेवले, सावकाश, कुणाच्या तरी घरी शोक करायला आलेल्या माणसाने ठेवावेत तसे.

येप्पे हिरवळीवर बसला होता. चेक घ्यायला तो आलाच नाही. तो मी नंतर पोस्टाने पाठवला.

डेस मैदान ओलांडून सरळ जाळीशी गेला. मी मागे होते. ऊन होतं अजून. तो चिडलेला नव्हता, ते मला जास्त वाईट वाटलं.

"संपलं," तो म्हणाला. "मैदान गेलं. माझं घरही गेलं. आता इथे काही नाही. जा बाबांनो. घरी जा सगळे."

आवाज थांबला. मग वास गेला. मी पायऱ्यांकडे पाहिलं, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्या मला रिकाम्या वाटल्या. मी डेसला हाताला धरून गाडीत बसवलं. वाटेत तो झोपला.

मंगळवारी सकाळी क्लबच्या फोनवर मिसेस लॅमिंग होत्या, कॅनॉल रोडवरच्या, वसंतात नवऱ्याची राख दुसऱ्या वळणावर टाकून गेलेल्या. त्या हळू बोलत होत्या, शेजारच्या खोलीत कुणी असावं तशा.

"ग्वेंडा, तुझ्या भावाने काल त्यांना काही सांगितलं का गं?"

"कुणाला?"

"काही नाही. त्रास असा काही नाही. फक्त तो विचारतोय, शनिवारी गेट किती वाजता उघडणार."

सगळा मोसम ज्या प्रश्नाला मी एकच उत्तर देत आले, त्याला दुसरं उत्तर माझ्या तोंडी बसलेलंच नव्हतं. मी म्हणाले, "सहाला."

त्यांनी फोनवर हात ठेवून ते आत कुणाला तरी सांगितलं. हात नीट ठेवला गेला नसावा, कारण मला ऐकू आलं.

"मग बूट काढत नाही," तो म्हणाला.